पाड्यावरच्या सिनेमाला रकाना नाही

२०२५ च्या फेब्रुवारीअखेर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा रीमा कागती यांचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि दोन-तीन आठवडे वृत्तपत्रांतून मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांची गोष्ट पुन्हा एकदा सांगून झाली. व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर शेख, यंत्रमागावर राबणारे त्याचे मित्र, घोड्यांऐवजी सायकलींवरून येणारे डाकू, कॅमेरा उचलण्यासाठी बैलगाडीची केलेली क्रेन. लिहिणारे सगळेच हळवे झाले होते, आणि होण्यासारखेच ते होते. पण त्या लिखाणाला एक सूर असा होता की, एका गावाला एके काळी आलेला हा गोड वेडाचा झटका; व्हिडिओ कॅसेट गेल्या, पार्लरे गेली, झटकाही ओसरला. मला हे पटत नाही. माझी उमेदीची वर्षे खानदेशात बँकेच्या नोकरीत गेली, निवृत्तीनंतर नंदुरबारलाच राहिलो, आणि गेली काही वर्षे मी जे पाहतो आहे त्यावरून सांगतो की, मालेगावची ती गोष्ट संपलेली नाही. ती तापी ओलांडून सातपुड्यात शिरली आहे. तिच्यावर मुंबईकरांनी सिनेमा काढायला अजून अवकाश आहे, एवढेच.

आधी मालेगावचा हिशेब मांडू. जुन्या सवयीने मला तोच आधी दिसतो. ‘मालेगाव के शोले’ २००० सालच्या सुमारास तयार झाला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. संकलनासाठी दोन व्हिडिओ यंत्रे एकमेकांना जोडलेली. तो गावातल्या पार्लरमध्ये जवळजवळ दोन महिने गर्दीत चालला आणि सुमारे दोन लाख रुपये देऊन गेला. भांडवल चौपट, मुदत दोन महिने, बुडीत शून्य. पिकाला कर्ज देताना पाऊस, भाव आणि तुडतुडे या तिघांची काळजी वाहिलेल्या कुठल्याही शाखाधिकाऱ्याला असा धंदा म्हणजे स्वप्नच. पण त्या धंद्याला पैसा बँकेने दिला नाही, नासिरने स्वतःच्या खिशातून आणि मित्रांच्या आधाराने तो उभा केला. गंमत अशी की, मे १९९८ मध्येच केंद्र सरकारने चित्रपट व्यवसायाला ‘उद्योग’ म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली होती आणि २००० साली ती कागदावरही आली. तिचा फायदा ज्यांना व्हायचा त्यांना मुंबईत झाला. मोसम नदीच्या काठी त्या घोषणेचा आवाज पोहोचला नाही.

हा धंदा चालला कशामुळे, याचे उत्तर शुक्रवारात आहे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. आठवडाभर मागाच्या खडखडाटात बारा-बारा तास उभा राहणारा माणूस त्या दिवशी पार्लरमध्ये बसायचा, आणि पडद्यावर त्याला शेजारच्या गल्लीतला मुलगा गब्बर झालेला दिसायचा. काढणारा, दिसणारा आणि पाहणारा, तिघेही एकाच गावातले. वितरक नाही, दलाल नाही, मुंबईची हुंडी नाही. फैजा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, त्यात नासिरच्या ‘सुपरमॅन’ची जुळवाजुळव तपशिलाने दिसते. त्यातला सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, यंत्रमाग कामगार, काडीसारखा माणूस. हिरव्या पडद्यासमोर त्याला आडवा टांगून उडवला. या सुपरमॅनचे वैर तंबाखूच्या साम्राज्याशी. आणि तो साकारणाऱ्या शफीकला तोंडाचा कर्करोग झाला. २०१२ साली माहितीपट चित्रपटगृहांत लागला तेव्हा तो हयात नव्हता. इतके क्रूर कथानक मी कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने खाडाखोड करून परत पाठवले असते.

खरे तर मराठी माणसाला घरगुती सिनेमाचे नवल वाटण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ हा अव्वल घरगुती सिनेमा होता. दादरच्या राहत्या घरात सगळा कारखाना. सरस्वतीबाई दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळत आणि वर कच्च्या फिल्मला कडेने भोकेही पाडत. लंडनला जाऊन यंत्रे आणण्यासाठी फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. परत आल्यावर पैसे देणाऱ्याची खात्री पटवायला त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडे थोडे टिपून रोप कसे वाढते याची चिमुकली चित्रफीत केली, ‘अंकुराची वाढ’. ती दाखवून कर्ज उभे केले. बँकेच्या भाषेत याला प्रकल्प अहवाल म्हणतात. माझ्या साऱ्या नोकरीत माझ्या टेबलावर इतका चोख प्रकल्प अहवाल आला नाही. आले ते सगळे धुळ्याच्या एकाच टंकलेखकाने एकाच नमुन्यावरून उतरवलेले.

आता नंदुरबारकडे येऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी, आणि साक्षरतेत राज्यात तळाला. अशा जिल्ह्याला कॅमेरा नवा असेल असे लांबच्या वाचकाला वाटेल. उलट आहे. महाराष्ट्रात मुंबई सोडली तर इतका चित्रित झालेला दुसरा मुलूख शोधावा लागेल. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातले पहिले गाव गेले ते अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली. त्या लढ्याचे चित्रण करायला देशोदेशीचे लोक आले. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची १९९५ ची ‘नर्मदा डायरी’ त्यातली आस्थेने केलेली कृती. ती नसती तर त्या काठाची आज कुठली खूण हाताशी राहिली असती, असा प्रश्न पडतो. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पंतप्रधान आले, सोनिया गांधी आल्या, आणि त्यांच्या मागोमाग कॅमेऱ्यांची रांग. याखेरीज दर पावसाळ्यात कुपोषणाची बातमी, आणि बांबूच्या झोळीतून दवाखान्यात नेल्या जाणाऱ्या गरोदर बाईचे दृश्य. हे सगळे खरे असते. माझी तक्रार खरेपणाबद्दल नाही. कॅमेरा सकाळी येतो, दुपारी त्याचे काम आटोपते, मुक्कामाला तो शहाद्याला जातो, आणि ज्याचे चित्र काढले त्याला ते कधी दिसत नाही. झोळीतल्या बाईला स्वतःचे नाव असते, नवऱ्याशी भांडण असते, एखादा विनोद तिला रात्रभर हसवतो. यातले काहीही बातमीच्या दीड मिनिटात मावत नाही.

हे चित्र बदलले ते कुणाच्या धोरणामुळे नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले. सुरत, बारडोलीकडे मजुरीला जाणारी पोरे परत येताना मोबाइल घेऊन येऊ लागली. आधी गाण्यांवर नाच, मग टिकटॉकवरचे पंधरा सेकंदांचे विनोद, मग हळूहळू गोष्ट. धडगावकडच्या तरुणांचा ‘आदिवासी जनजागृती’ नावाचा गट मोबाइलवर, तिथल्याच बोलींत चित्रफिती करतो: अंधश्रद्धा, शाळा, दवाखाना, योजनांचे गौडबंगाल, करोनाच्या काळात लसीविषयीचे गैरसमज. मराठीतले सरकारी पत्रक ज्या आजीच्या हातात चुलीला उपयोगी पडते, तिला नातवाच्या मोबाइलवर आपल्या भाषेत बोलणारा माणूस ऐकावासा वाटतो, यात विशेष ते काय? विशेष एवढेच की, हे सुचायला पंचाहत्तर वर्षे लागली आणि सुचले ते विशीतल्या मुलांना.

मात्र मला ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो मुलगा कुठल्या गटात नाही. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, एकोणीस-वीस वर्षांचा, शहाद्याला कॉलेजात शिकणारा. त्याने पावरीत अठरा मिनिटांचा सिनेमा केला आहे. गोष्ट अशी: सुरतेला तीन वर्षे राहून आलेला एक तरुण पाड्यावर परततो आणि आपली भाषा विसरल्याचे सोंग करतो. गुजराती-हिंदीत बोलतो, बाटलीतले पाणी मागतो, आईने केलेल्या भाकरीला ‘हे काय’ म्हणून विचारतो. आई बिचारी शेजारणीकडे दुभाषी मागायला जाते. शेवटी रात्री त्याच्या पायाला इंगळी डसते आणि तो ज्या भाषेत ओरडतो ती अर्थातच पावरी. मी खुर्चीवरून पडेपर्यंत हसलो, आणि घरी आल्यावर मला झोप आली नाही. भाषा कशी मरते यावर मी दोन परिसंवादांत अध्यक्षस्थानावरून बोललो आहे. त्या अठरा मिनिटांत जे होते ते दोन्ही भाषणांत नव्हते.

त्याला विचारले, केलेस कसे? ‘सर, तीन मोबाइल लागले,’ तो म्हणाला. एकावर चित्र, दुसरा बोलणाऱ्याच्या खिशात आवाजासाठी, कारण डोंगरावर वारा सुटला की दुसरे काही ऐकूच येत नाही. तिसरा संवाद वाचून दाखवायला. उजेडासाठी लग्नाच्या मखरातून उरलेला थर्माकोलचा पत्रा, सूर्याकडे तोंड करून धरलेला. संकलन मोबाइलवरच, काइनमास्टर नावाच्या ॲपमध्ये, रात्री, कारण दिवसा मोबाइल तापतो. आई झाली होती त्याची सख्खी मावशी. रडण्याचे दृश्य तिने एकदा केले, दुसऱ्यांदा केले, तिसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणाली, ‘दोनदा रडले ना? आता माझी भाजी करपेल.’ सिनेमात दिसते ते दुसरे रडणे. आणि तयार सिनेमा यूट्यूबवर चढवायला रेंज नाही, म्हणून हे महाशय पहाटे मोबाइल घेऊन टेकडीवर जातात, तो दगडावर ठेवतात आणि शेजारी बसून राहतात. चार-चार तास.

हे ऐकून शहरातले माझे मित्र दोनच गोष्टी विचारतात. पहिली, तो पुण्याला का जात नाही? त्यांच्या डोळ्यांसमोर नागराज मंजुळे असतात. अहमदनगरला शिकताना केलेला ‘पिस्तुल्या’, त्याला राष्ट्रीय पुरस्कार, मग ‘फँड्री’, मग ‘सैराट’. मंजुळ्यांचे मोठेपण मान्य करूनही मला हा प्रश्न चुकीचा वाटतो. गावातल्या प्रत्येक गाणाऱ्या बाईने आकाशवाणीवर जावे अशी आपली अपेक्षा नसते. ओवी जात्यावर म्हटली तरी ती पुरी असते. मालेगावचा सिनेमा मुंबईला गेला असता तर शुक्रवारच्या त्या पार्लरमध्ये कोण बसले असते?

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि तो मात्र रास्त आहे. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायचा तर एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे, किंवा छोट्या चित्रफितींना नव्वद दिवसांत एक कोटी दर्शने, असा दंडक आहे. खानदेशातल्यांना हे जमत नाही असे नाही. मालेगावच्या ‘छोटू दादा’च्या विनोदी चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत. पण त्या हिंदीत आहेत. २०११ च्या जनगणनेत खानदेशी म्हणजे अहिराणी बोलणारे सुमारे साडेअठरा लाख, भिली समूहातल्या बोली बोलणारे देशभर एक कोटीच्या वर, आणि त्यात ‘पावरी’ अशी स्वतंत्र नोंद करणारे सव्वातीन लाख. सव्वातीन लाखांना साबण विकायला पावरीत कोण जाहिरात करणार? तेव्हा बाजार त्या मुलाच्या कानात रोज एकच गोष्ट सांगत असतो: हिंदीत कर. त्याच्या सिनेमातला सुरतवाला नेमके तेच करतो. आपल्या कथानकातल्या माणसासारखे वागण्याची सक्ती लेखकावरच व्हावी, याहून विचित्र पेच कोणता असेल!

पैशाचा दुसरा झरा संस्थांचा. हात धुण्यावर कर, बालविवाहावर कर, आम्ही खर्च देतो. विषय महत्त्वाचे आहेत आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण आदिवासी मुलाने कॅमेरा घेतला की त्याने जागृतीच केली पाहिजे, विनोद करायचा नाही, भुताची गोष्ट सांगायची नाही, प्रेमात पडायचे नाही, ही अपेक्षा मला सरंजामी वाटते. नासिर शेखने ‘शोले’ केला तो कुणाचे प्रबोधन करायला नव्हे.

राहता राहिली बँक. २०१५ साली मुद्रा योजना आली. तिच्या ‘शिशु’ गटाची मर्यादा पन्नास हजार रुपये. नासिरच्या ‘शोले’चा खर्च, पाहा, तेवढाच. योजना उत्तम आहे, तारण लागत नाही. पण अर्जात व्यवसाय लिहावा लागतो, आणि तिथे शिवणयंत्र, पिठाची गिरणी, मोबाइल दुरुस्ती हे शब्द शाखेच्या ओळखीचे असतात. ‘सिनेमा’ लिहिले की शाखाधिकारी चष्मा काढतो. १९९४ साली मी शहादा तालुक्यातल्या एका शाखेत असताना एक तरुण खांद्यावर घ्यायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी कर्ज मागायला आला होता. लग्नाचे चित्रण करून हप्ते फेडीन म्हणाला. मी ‘छायाचित्रण व्यवसाय’ असे लिहून प्रकरण मंजूर केले. त्याने हप्ते वेळेवर फेडले. आणि लग्नसराई संपल्यावर, पावसाळ्यात, त्याने भावाला भूत करून केळीच्या बागेत अर्ध्या तासाचा सिनेमाही केला. मला घरी बोलावून दाखवला. केळीची पाने वाऱ्याने हलत आणि त्यातून एक पांढरा सदरा सरकत जाई, एवढेच मला आज आठवते. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू म्हटले तर तो हसला. कोऱ्या कॅसेटी महाग पडत. मार्गशीर्षातले एक लग्न त्याने त्याच कॅसेटवर उतरवले होते.

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सगळ्या प्रकरणातला खरा धोका मला इथे दिसतो. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चीसुद्धा सगळी रिळे उरली नाहीत. मूकपटांच्या काळात आपल्याकडे तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले; त्यातले बहुतेक जळाले, सडले किंवा चांदीसाठी वितळवले गेले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले तोवर व्हायचा तो नाश होऊन गेला होता. पुढे पी. के. नायर यांनी हिंडून-फिरून जमवले म्हणून फाळक्यांचे जे काही आहे ते आहे. त्या वेळी निदान ‘आपल्याला कळले नाही’ असे म्हणायची सोय होती. आज ती नाही. २९ जून २०२० च्या रात्री सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदीमागचे कारण सीमेवरचे होते आणि त्यावर इथे मला काही म्हणायचे नाही. पण त्या एका रात्रीत खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलांचे काम दिसेनासे झाले. आमच्या या मुलाचेही पहिले दोनशेच्या वर तुकडे त्यात गेले. त्याने ते दुसरीकडे ठेवले नव्हते, ठेवणार कुठे? मेमरी कार्ड भरले की जुने पुसायचे, नवे काढायचे. केळीच्या बागेतल्या भुतावर लग्न उतरवले गेले, तेच पुन्हा. फरक इतकाच की, आता पुसण्याची कळ कॅलिफोर्नियात किंवा बीजिंगमध्ये आहे.

यूट्यूब हे संग्रहालय आहे अशी आपली समजूत झाली आहे. ते दुकान आहे. दुकानदार उद्या फळी बदलेल, माल काढून टाकेल, किंवा पार्श्वभूमीला शेजारच्या लग्नातल्या डीजेचे गाणे ऐकू आले म्हणून गाण्याच्या मालकाकडून दावा येईल. तो दावा माणूस करत नाही, यंत्र करते, आणि त्या यंत्राला पावरी येत नाही.

कायद्याचे म्हणाल तर तिथेही या मुलासाठी रकाना नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागते. म्हणजे हाच सिनेमा जगभर यूट्यूबवर दाखवायला त्याला कुणाला विचारावे लागत नाही; पण पाड्यावरच्या शाळेच्या भिंतीवर, ज्यांनी त्यात काम केले त्या चाळीस माणसांसमोर दाखवायचा तर कागदोपत्री मुंबईहून प्रमाणपत्र आणले पाहिजे. महोत्सवांना सूट मिळते, शाळेच्या भिंतीला मिळत नाही. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, चोरट्या प्रतींची शिक्षा वाढली, वयोगटांची प्रतवारी आली. ही विसंगती तशीच राहिली. त्याच वर्षी प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा आला. २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती मोजक्या मंडळींत फिरली आणि तीत एकट्यादुकट्याने चित्रफिती करणारेही सरकारी नियमनाखाली येणार अशी चर्चा झाली. ओरड झाली तेव्हा ऑगस्टमध्ये ते मसुदे परत मागवले गेले. मोठे यूट्यूबवाले दिल्लीत बोलले म्हणून हे झाले. पण असा मसुदा पुन्हा येईल तेव्हा त्यात दगडावर मोबाइल ठेवून चार तास बसणाऱ्या मुलाचा विचार असावा, एवढे पाहणारा एक तरी खासदार खानदेशाने द्यावा. रस्त्यात अडलेल्या पुलाचा किंवा कुलूप लागलेल्या दवाखान्याचा व्हिडिओ काढला म्हणून कुणी दम दिला तर आज त्याच्या पाठीशी पत्रकाराचे ओळखपत्रही नसते.

मी काही फार मोठे मागत नाही. पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे, नंदुरबार त्याच्या कार्यक्षेत्रात येते. यांपैकी कुणीही नंदुरबारात एक खोली, एक संगणक आणि काही हार्ड डिस्का ठेवाव्यात. ज्याने सिनेमा केला त्याने यावे, प्रत द्यावी, कोण, कुठला, कोणत्या बोलीतला, काम कुणी केले, हे सांगावे, पावती घ्यावी. मालकी त्याचीच. निवड करायची नाही, परीक्षक नेमायचे नाहीत, पहिला-दुसरा क्रमांक नाही. भुताचा असला तरी घ्यायचा. आदिवासी उपयोजनेत दरवर्षी जो निधी येतो त्यात हा खर्च चहापाण्याच्या रकमेत निघेल. लोकगीते गोळा करायला आपल्याकडे विद्वानांनी टेप घेऊन डोंगर पालथे घातले. इथे डोंगरच खाली उतरून काम आणून देतो आहे आणि घ्यायला खिडकी नाही.

त्या मुलाचा दुसरा सिनेमा सध्या अर्ध्यावर थांबला आहे. कारण ऐकण्यासारखे आहे. नायक आणि त्याचा सिनेमातला बाप दोघेही टोळीबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेले आहेत. कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय, निदान होळीपर्यंत, ते येत नाहीत, आणि होळीला मात्र सातपुड्यातला माणूस जिथे असेल तिथून येतोच. उरलेली तीन दृश्ये तेव्हा घ्यायची आहेत. तोवर मोबाइलचा हप्ता चालू आहे, शहाद्याच्या एका खासगी फायनान्सचा, आणि त्याचा व्याजदर मी विचारला नाही. मी विचारले ते वेगळेच: चार महिन्यांत तुझ्या नायकाने केस कापले, दाढी वाढवली, उन्हात काळवंडून आला, तर आधीच्या दृश्यांशी जुळणार कसे? तो म्हणाला, ‘सर, गोष्टीतच त्याला ऊसतोडीला पाठवून दिलाय. कालच लिहिलं.’